आगगाडीतील आग : सह्याद्रीच्या घाटांतील वाफेची इंजिने आणि त्यांचे जतन

मराठी माणसाने रेल्वेला जी नावे दिली त्यांत 'आगगाडी' हे सर्वांत बोलके होय. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याकडे पहिली उतारूंची गाडी निघाली, तेव्हा बैल नाही, घोडा नाही आणि तरीही धावणारी ही गाडी पाहून लोकांच्या मनावर प्रथम ठसली ती तिच्या पोटातील आग. पुढे आग गेली, डिझेल आले, वीज आली. तरी शब्द मात्र राहिला. आज ज्याला आपण आगगाडी म्हणतो तिच्यात आग औषधालाही सापडत नाही. त्या पहिल्या दिवशी गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांपैकी एकही जतन झाले नाही. शब्द टिकला आणि वस्तू गेली, अशी ही परिस्थिती आहे. वाफेच्या इंजिनांच्या जतनाचा विचार करताना हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे; कारण जतन नेमके कशाचे करावयाचे, लोखंडाचे की त्यातील आगीचे, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील रामनगर हे गाव अशा प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. काळी नदीवर सुपा येथे धरण झाले, जुने सुपे गाव व आसपासच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि तेथील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रामनगरात झाले. नाव राहते आणि गाव जाते, हा अनुभव येथील लोकांनी प्रत्यक्ष घेतलेला आहे. बेळगावहून अनमोडमार्गे गोव्यास उतरणारा रस्ता रामनगरावरून जातो. आणि जवळच, तिनईघाट व कॅसलरॉक या स्थानकांवरून, गोव्याकडे उतरणारा जुना लोहमार्ग जातो. मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांच्या सीमेवरील हा लोहमार्ग वाफेच्या युगातील एक मोठे साहस होते.

दोन राज्यांमधील लोहमार्ग

१८७८ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात भारतातील वसाहतींविषयी एक तह झाला. मुरगावचे बंदर आणि दक्षिण मराठा मुलखातील कापसाचा प्रदेश यांना लोहमार्गाने जोडावे, ही कल्पना या तहाने मूर्त झाली. त्यासाठी 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज' या नावाची रेल्वे कंपनी निघाली. मुरगावपासून कुळेपर्यंतचा भाग तुलनेने सुलभ होता. खरी कसोटी होती ती कुळे ते कॅसलरॉक या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात. ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची, असा हा चढ आहे. बोगदे खणीत, दऱ्यांवर पूल बांधीत आणि दूधसागराच्या धबधब्याला अगदी अंगाशी घेत हा मार्ग सह्याद्रीवर चढला. १८८८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला आणि कॅसलरॉक येथे त्याची सदर्न मराठा रेल्वेशी गाठ पडली. पुढे या दुसऱ्या कंपनीनेच घाटमार्गाचे कामकाजही सांभाळले.

कॅसलरॉक हे साधे स्थानक नव्हते; ती दोन सरकारांची वेस होती. येथे उतारूंचे सामान तपासले जाई, मालाची जकात होई आणि इंजिनांना पाणी, कोळसा व विसावा मिळे. घाट चढणाऱ्या मालगाड्यांना मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागत. पुढचे इंजिन ओढी, मागचे ढकली, आणि दोघांचा मेळ शिटीच्या खुणांवर बसे. उतरताना प्रश्न उलटा होता. ओढण्यापेक्षा आवरणे कठीण. ब्रेक किती लावावयाचा, चाके तापतात किंवा घसरतात काय, याकडे सतत लक्ष ठेवावे लागे. मँगनीजचे खनिज मुरगावकडे नेणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर ही जबाबदारी मोठीच होती.

१९५५ मध्ये गोव्याच्या मुक्तीचा लढा तीव्र झाला, तेव्हा भारत सरकारने नाकेबंदी केली आणि या मार्गावरील सरहद्दीपारची वाहतूक थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर डिझेल इंजिने आली, आणि १९९० च्या दशकात मीटरगेजचे रूळ काढून तेथे ब्रॉडगेज टाकण्यात आला. देशाच्या गरजेच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु या बदलात घाटातील वाफेचे एकही इंजिन त्याच घाटात चालते राहिले नाही. आज दूधसागर पाहण्यास हजारो पर्यटक येतात, धबधब्यापुढून जाणाऱ्या गाडीची छायाचित्रे काढतात. पण ज्या यंत्रांसाठी हा मार्ग आखला गेला, त्या यंत्राचे दर्शन घ्यावयाचे तर हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात जावे लागते. ते २०२० मध्ये खुले झाले, आणि तेथील इंजिने अर्थातच थंड आहेत.

मग सह्याद्रीत वाफेची गाडी पर्यटकांसाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न झालाच नाही काय? झाला. त्याची कथा या घाटापासून बऱ्याच उत्तरेस, मुंबई-पुणे मार्गावरील नेरळ या स्थानकापासून सुरू होते.

माथेरानची गाडी

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्या जागेकडे लक्ष गेले. पुढील अर्धशतक लोक तेथे घोड्यावरून, पालखीतून अथवा पायी जात. मुंबईचे प्रख्यात उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांना नेरळ येथे वर जाण्यासाठी वाहन मिळाले नाही आणि त्यांनी तेथेच रेल्वे बांधण्याचा निश्चय केला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी इतिहास स्पष्ट आहे. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये बांधकाम हाती घेतले, सुमारे १६ लाख रुपये खर्च आला, आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. सरकारी खजिन्यातून नव्हे, तर एका मुंबईकर कुटुंबाच्या पैशातून हा डोंगरी लोहमार्ग झाला, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्याजोगी आहे.

दोन फुटी रुळांचा हा मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांबीचा असून त्याचा चढ काही ठिकाणी २० फुटांस एक फूट इतका आहे. म्हणजे गोव्याच्या घाटाच्या जवळजवळ दुप्पट. दार्जिलिंगच्या मार्गावर चढ काढण्यासाठी गाडी पुढे-मागे नेण्याची युक्ती योजिली आहे, तर निलगिरीच्या मार्गावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविली आहे. माथेरानने या दोहोंपैकी काहीच केले नाही. डोंगराच्या कडेकडेने, नालाच्या आकाराची वळणे घेत, गाडी सरळ आपल्या चाकांच्या पकडीवर वर चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी तिची मधली स्थानके. यांपैकी वॉटर पाइप हे नाव वाफेच्या इंजिनाच्या तहानेची आठवण आजही करून देते.

अशा वळणांसाठी इंजिनेही तशीच हवी होती. जर्मनीतील ऑरेनस्टाइन आणि कॉप्पेल या कारखान्याकडून चार इंजिने मागविण्यात आली. प्रत्येकास सहा चाके, आणि सहाही चाकांना गती. कारण चढावर जितके वजन चालत्या चाकांवर पडेल तितकी पकड चांगली. परंतु सहा चाके एकाच ताठ चौकटीत बसविली तर तीव्र वळणावर ती रूळ सोडू पाहतात. या अडचणीवर क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसांनी मात केली. या रचनेत टोकाच्या आसाभोवती एक पोकळ आस असतो आणि चाके या बाहेरच्या पोकळ आसावर बसविलेली असतात. आतला आस इंजिनाच्या चौकटीत पक्का राहून मध्यावरील गोलाकार सांध्यातून गती देतो आणि बाहेरचा आस वळणाप्रमाणे किंचित फिरतो. त्यामुळे इंजिन रुळांशी झगडत नाही. ते रुळांच्या कलाने घेते. यंत्रशास्त्रातील हे एक देखणे उत्तर होते आणि ते प्रत्यक्ष चालताना पाहिल्याशिवाय त्यातील सौंदर्य समजणे अवघड आहे.

या चार इंजिनांनी सुमारे पाऊणशे वर्षे माथेरानची वाट तुडविली. डिझेल इंजिने १९५० च्या दशकातच येऊ लागली होती. वाफेची सेवा १९८० च्या दशकाच्या आरंभी संपली. त्यानंतर या भावंडांची पांगापांग झाली. एक नेरळ स्थानकाच्या आवारात प्रदर्शनार्थ उभे राहिले. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. हे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले होते. आणि एक, ७४० क्रमांकाचे, समुद्रापार जाऊन अखेर इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यातील लेटन बझर्ड येथील रेल्वेच्या संग्रहात पोहोचले. तेथे त्याला 'माथेरान' हे नाव आहे.

लेटन बझर्डची ही रेल्वेही दोन फुटी आहे. १९१९ मध्ये ती वाळू वाहण्यासाठी बांधली गेली. तिच्या वाटेवर ना हिरव्या दऱ्या, ना धबधबे. तिचे मूळ काम संपू लागले तेव्हा १९६८ पासून हौशी कार्यकर्त्यांनी तीवर उतारूंची गाडी चालविण्यास आरंभ केला. माथेरानचे इंजिन तेथे असण्यात काही चमत्कार नाही. जेथे त्याची भाषा जाणणारी माणसे होती, तेथे ते गेले.

जतनाच्या तीन रीती

येथे जतन या शब्दाचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. वाफेचे इंजिन तीन रीतींनी राखता येते. पहिली रीत चौथऱ्याची. इंजिन रंगवावे, स्थानकापुढे चौथऱ्यावर उभे करावे, भोवती साखळी लावावी. ही रीत सर्वांत स्वस्त आणि आपल्याकडे सर्वांत रूढ. पण उघड्यावरील इंजिनाला पावसाळा खातो. रंगाच्या थराखाली गंज वाढत जातो आणि काही वर्षांनी वरचे रूप तेवढे उरते. दुसरी रीत संग्रहालयाची. छप्पर मिळते, माहिती मिळते, अभ्यासकाला इंजिन जवळून पाहता येते. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालय, जे २००२ मध्ये सुरू झाले, हे महाराष्ट्रातील या रीतीचे उत्तम उदाहरण होय. तिसरी रीत म्हणजे इंजिन चालते ठेवणे. ती खर्चाची, कष्टाची आणि जोखमीची; परंतु इंजिन ज्यासाठी जन्मले ते याच रीतीत दिसते.

चालते ठेवणे कठीण का, हे वाफेच्या कामाची थोडी ओळख असल्यावाचून लक्षात येत नाही. मोटार किल्ली फिरविताच सुरू होते. वाफेचे इंजिन तसे सुरू होत नाही. ते जागे करावे लागते. गाडी सकाळची असेल तर शेडमधील माणूस रात्रीच भट्टी पेटवितो. बॉयलर हळूहळू तापला पाहिजे. घाई केली तर पत्रे व नळ्या असमान प्रसरण पावतात आणि सांधे झिरपू लागतात. भट्टीच्या छतावर सदैव पाणी असावे लागते. ते उघडे पडले तर पोलाद मऊ होऊन स्फोटाचा धोका असतो. म्हणून छतात शिसे भरलेला डट्टा बसवितात. पाणी कमी झाल्यास शिसे वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. घाटात तर आणखी एक गोष्ट. चढावर इंजिन कलते, तसे बॉयलरमधील पाणीही एका टोकाला सरकते. काचेच्या नळीत दिसणारी पातळी खरी की चढाने दाखविलेली, हे फायरमनला वाटेच्या ओळखीने ठरवावे लागते. पुढे उतार लागणार असेल तर आधीच किती पाणी घ्यावयाचे, कोळसा कोठे टाकावयाचा, कोठे थांबवावयाचा, याचे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात फार असते.

याखेरीज ठराविक काळाने बॉयलर थंड करून आतून धुणे, पाण्याच्या क्षारांचे थर काढणे, नळ्या बदलणे, दाबाची चाचणी घेणे ही कामे अटळ असतात. याचा अर्थ एवढाच की चालत्या इंजिनामागे एक शेड, काही हत्यारे आणि जाणत्या माणसांची साखळी लागते. साखळीतील एक कडी निखळली की इंजिन थांबते आणि थांबलेले इंजिन पुन्हा जागे करणे चालते ठेवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

इतरांनी काय केले

या साखळीचे मोल सर्वप्रथम ओळखले ते वेल्समधील टॅलीलिन रेल्वेच्या चाहत्यांनी. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात झालेली ही छोटी रेल्वे १९५० मध्ये मालकाच्या निधनामुळे बंद पडण्याच्या बेतात होती. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे सभा घेऊन संस्था स्थापिली आणि १९५१ पासून गाडी स्वतः चालविली. कारकून, शिक्षक, अभियंते असे लोक सुटीच्या दिवशी रूळ दुरुस्त करू लागले, भट्टीत कोळसा टाकू लागले. स्वयंसेवकांनी चालविलेली ही जगातील पहिली जतन-रेल्वे मानली जाते. जुनी माणसे हयात असतानाच नवी माणसे त्यांच्याजवळ उभी राहिली, हे तिच्या यशाचे मर्म होय.

भारतात रेल्वे ही सरकारची असल्याने जतनाचा मार्ग वेगळा झाला. पण येथेही यशाचे कारण तेच दिसते. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ मध्ये पूर्ण झाली आणि तिची प्रसिद्ध 'बी' वर्गाची इंजिने १८८९ पासून येऊ लागली. ती चालती राहिली. कारण तिनधरिया येथील कार्यशाळा आणि तेथील कारागीर टिकले. १९९९ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा मान दिला. २००५ मध्ये निलगिरीची आणि २००८ मध्ये कालका-सिमल्याची रेल्वे तीत समाविष्ट झाली. निलगिरीची कथा तर अधिक उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे बनलेली तिची जुनी इंजिने थकली तेव्हा तिरुचिरापल्लीजवळील गोल्डन रॉक कार्यशाळेने त्याच जातीची नवी वाफेची इंजिने बांधली. त्यांतील पहिले २०११ मध्ये सेवेत आले आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारे नवे इंजिनही तयार झाले. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० मध्ये 'अंतिम सितारा' हे शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन बाहेर पडल्यावर जी विद्या संपली असे वाटत होते, ती चाळीस वर्षांनी आपल्याच कारागिरांनी पुन्हा हस्तगत केली.

माथेराननेही एकदा विस्तव पुन्हा पेटविण्याचा प्रयत्न केला. या शतकाच्या आरंभी दार्जिलिंगचे 'बी' वर्गातील ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणण्यात आले. काही विशेष प्रसंगी धूर दिसला. पण दररोजची वाफेची सेवा रुजू शकली नाही. मार्गावरील संकटेही थोडी नव्हती. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रूळ वाहून नेले आणि गाडी २००७ मध्येच पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तसेच केले. नेरळपासून माथेरानपर्यंतची सलग सेवा २२ ऑक्टोबर २०२२ रोजी पूर्ववत झाली. मार्ग टिकविण्यातच शक्ती खर्च होत असताना वाफेसाठी उरणार किती, हा प्रश्न रास्त आहे. तरीही दर वेळी मार्ग पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट लहान नाही. जागतिक वारशाच्या संभाव्य स्थळांच्या यादीत माथेरानच्या रेल्वेचे नाव भारताने दिलेले आहे.

महाराष्ट्रातील अन्य छोट्या मार्गांचे दैव इतके बरे नव्हते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. हलक्या रुळांवरून मोठा भार कसा न्यावा याचा धडा तिने जगाला दिला. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने वाहिल्या. २००० नंतरच्या दशकात तिचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये झाले. वऱ्हाडातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरील 'शकुंतला' गाडीला १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले इंजिन १९९४ पर्यंत ओढीत होते. सत्तर वर्षे एका गाडीला जुंपलेले इंजिन त्याच मार्गावर पर्यटकांसाठी चालते ठेवता आले असते. तसे झाले नाही, आणि पुढे ती गाडीही थांबली.

रूप आणि प्राण

जतन एकदा केले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. 'फेअरी क्वीन' हे १८५५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे बनलेले इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले होते. १९९७ मध्ये ते पुन्हा चालते करण्यात आले आणि दुसऱ्याच वर्षी नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून गिनेसच्या नोंदीत आले. सर्व देशाने अभिमान बाळगावा असे हे कार्य होते. पण २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीस गेले आणि त्याला चेन्नईतील पेरांबूर कार्यशाळेत न्यावे लागले. ते पुन्हा उतारूंना घेऊन निघाले ते २०१७ मध्ये. दीडशे वर्षे जुन्या यंत्राचा हरवलेला भाग दुकानात मिळत नाही; तो पुन्हा घडवावा लागतो. घडविणारे हात होते म्हणून इंजिन वाचले.

अलीकडे आणखी एक रीत दिसू लागली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबाद ते एकतानगर अशी एक वारसा-गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसण्यास वाफेचे आहे, पण चालते विजेवर. प्रवाशांना त्यात आनंद मिळतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. नाटकातील शिवाजी खरा नाही म्हणून कोणी नाटक बंद करीत नाही. मात्र नाटकाला इतिहास समजण्याची चूक होऊ नये. वाफेचा वेश घेतलेल्या इंजिनात ना भट्टीची राखण आहे, ना पाण्याच्या पातळीची चिंता. त्यातून रूप पुढील पिढीकडे जाते, विद्या जात नाही. रूप पाहून समाधान झाले तर खऱ्या इंजिनाची निकड कोणाला वाटेनाशी होईल, हाच यातील खरा धोका.

खऱ्या इंजिनाविरुद्ध आक्षेप घेतले जातात, तेही विचारार्ह आहेत. कोळशाचा धूर आणि ठिणग्या ही डोंगरी वनांना नको असलेली गोष्ट आहे. माथेरान तर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेले आहे. खर्च मोठा आणि तिकिटातून तो निघणे कठीण. जबाबदारी जोखमीची. परंतु दररोज दहा गाड्या वाफेवर चालवाव्यात असे कोणी म्हणत नाही. वर्षातील काही दिवस, पावसाळा संपल्यानंतर रान ओले असताना, थोडक्या अंतरावर एक इंजिन चालले तरी शेड जिवंत राहते, फिटरला शिकाऊ मिळतो आणि मुलांना 'आगगाडी' या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी कळतो. तेलावर चालणाऱ्या भट्टीने ठिणग्यांचा प्रश्न बराच कमी होतो, हे निलगिरीने दाखविले आहे.

वेळ मात्र फार उरलेला नाही. १९७५ मध्ये विशीत फायरमन म्हणून लागलेला मनुष्य २०१५ च्या सुमारास सेवानिवृत्त झाला. आज तो सत्तरीत आहे. लोंढा, कॅसलरॉक, हुबळी, मिरज, कुर्डुवाडी, नेरळ या रेल्वेच्या गावांत अशी माणसे अजून भेटतात. कोणत्या वळणावर वाफ किती ठेवावी, दाट धुक्यात शिटी कशी द्यावी, ओल्या रुळावर वाळू केव्हा सोडावी, हे त्यांना ठाऊक आहे आणि बहुतेकांना कोणी विचारलेले नाही. इंजिन चौथऱ्यावर शंभर वर्षे उभे राहू शकेल. ही माणसे थांबणार नाहीत.

या बाबतीत ग्रंथालयांनाही करण्याजोगे काम आहे. सर्वच गावांना इंजिन राखता येणार नाही, पण इंजिनाविषयीचे ज्ञान राखता येईल. रेल्वेतून निवृत्त झालेल्या चालक-फायरमनांच्या आठवणी लिहून घेणे, घराघरांतील जुनी वेळापत्रके, कामाच्या वह्या, नियमपुस्तके व छायाचित्रे मिळवून त्यांची नोंद करणे, ही कामे सभासदांच्या आवाक्यातील आहेत. सीमाभागात तर त्यांची विशेष गरज आहे. कारण येथील रेल्वेचा इतिहास कंपन्या, राज्ये आणि भाषा यांच्यात विभागला गेला आहे आणि कोणत्याच एका दप्तरात तो पुरता सापडत नाही. पोर्तुगीज तहापासून ब्रॉडगेजपर्यंतची कॅसलरॉकची हकिगत मराठीत सलगपणे लिहिली जाण्यासाठी साधने याच परिसरातून गोळा व्हावी लागतील.

ग्रंथ कपाटात कुलूपबंद राहिला तर तो सुरक्षित असतो. पण तो वाचला जात नाही तोवर ग्रंथालयाचे कार्य झाले असे कोणी म्हणत नाही. वाफेच्या इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही. सुप्याचे गाव पाण्याखाली गेले, तरी तेथील माणसे बोली, देव आणि आठवणी घेऊन रामनगरात आली, म्हणून सुपे काही अंशी उरले. घाटातील आगगाडीचेही तसेच होऊ शकेल. मात्र त्यासाठी तिची आठवण ज्यांच्या हातांत आहे, त्यांच्यापर्यंत वेळीच पोहोचले पाहिजे.